सुट्टीतली गावं

इतरांना मामाची गावं असायची.
आम्हाला तात्यांच्या पलटणीची होती :
औसा, जिंतूर, भूम,
आणि अहमदपूरच्या पुढे फाट्यावर उतरून
तीन किलोमीटर चालत गेलं की
व्यंकट सुरनरचं घर.

मे महिन्यात तात्या सुट्टीवर येत,
उदगीरच्या घरात दोन दिवस नीट झोपत,
तिसऱ्या दिवशी हिरवी किटबॅग पुन्हा भरत.
कॅन्टीनचे साबण, एक कुकर,
कुणाच्या तरी पोरीला कंपासपेटी.
बरोबर मी.

मला वाटे, हे सगळे आपले पाव्हणेच.
दुसरीत असताना ‘माझे काका’ या निबंधात
मी चार काका लिहिले.
ते काय करतात, याच्यापुढे लिहिलं :
फोटोत असतात.

औशाला मुनीरकाकांची अम्मी
माझ्या मुठीत खारका कोंबायची
आणि तात्यांच्या सदऱ्यावरची
नसलेली धूळ झटकायची.
जिंतूरला गौतम हत्तीअंबिरेचा भाऊ
बोलायचाच नाही,
फक्त मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडायचा.
भूमचं घर एका वर्षी बंद होतं.
शेजारी म्हणाला, पुण्याला गेले.
तात्यांनी साबण कडीपाशी ठेवले.

शाळेत ऑगस्टमध्ये भाषणं होत. शहीद, अमर, रक्त.
मला त्यातलं कुणी ओळखीचं वाटायचं नाही.
व्यंकटकाकांचा एक दात
फोटोतसुद्धा ओठाबाहेर होता.

त्यांच्या आईकडे आम्ही सगळ्यात शेवटी जायचो.
सोजरबाईच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा
आणि ती तांब्या काठोकाठ भरून द्यायची.
तात्या बाजेवर बसत नसत. उंबऱ्याशी, उकिडवे.
ती आधी मला विचारायची, कितवं लागलं गं तुला?
सातवं. आठवं. अकरावं.
ती बोटांवर काहीतरी मोजायची.
मग तात्यांकडे वळून :
“तू व्हतास न्हवं तिथं?”
“होतो, मावशी.”
“पाणी मागितलं का रं त्यानं?”
“नाही. तेवढा वेळच नव्हता.”
दरवर्षी हेच, परवचा म्हणावा तसं.
मग तात्या तांब्या वर धरून,
ओठ न लावता, मध्ये न थांबता
तळापर्यंत पिऊन टाकत.

तात्या गेले. घरात, पलंगावर, खोकल्यानं.
त्या मे महिन्यात मी एकटीच फाट्यावर उतरले.
किटबॅग त्यांचीच. साबण दुकानातले.

सोजरबाईला आता फारसं दिसत नाही.
हातानं माझं तोंड चाचपून म्हणाली, आला न्हाई?
मी म्हणाले, नाही.
तिनं पुढं काही विचारलं नाही.
उतरंडीच्या खालच्या मडक्यातून
एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं,
घड्यांवर फाटलेलं.
“वाच. लई वर्सं झाली, कुणी वाचलं न्हाई.”

आई, हिकडं थंडी फार आहे.
म्हशीचं काय झालं ते कळव.
गुंडेरावला मुलगी झाली.
बारशाला सुट्टी मिळत नव्हती त्याला,
म्हणून त्याची पाळी मी घेतली.
येताना पेढे आणतो म्हणालाय.

पुढे नुसती सही होती.

तिची बोटं काय मोजायची
ते कळायला मला एकतीस वर्षं लागली.
तिला मात्र पहिल्याच वर्षापासून माहीत होतं,
उंबऱ्याशी बसून “होतो, मावशी” म्हणणारा माणूस
त्या रात्री कुठे होता.

तिनं पत्र घेतलं, होत्या त्याच घड्या घातल्या.
बाहेर टँकरचा हॉर्न वाजला,
बाया घागरी घेऊन पळाल्या.
ती उठली नाही.
तांब्या माझ्याकडे सरकवला.
“पी,” म्हणाली, “सांडू नको.”

मला वर धरून पिता येत नाही.
मी ओठ लावून प्यायले.